डोक्याला मार लागल्यावर किती पडून राहायचं, किती चालायचं

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे गुडघे आणि घोटे येतात आणि अधूनमधून डोकीही येतात. हेड मारायला उडी घेताना दोघांची डोकी आपटलेली असतात, नाहीतर गोलकीपर खांबावर गेलेला असतो. कबड्डीवाल्यांचं वेगळं, पकड करताना चढाई करणाऱ्याचा गुडघा कानशिलावर बसतो. पण वर्षभराचा हिशेब काढला तर जास्त डोकी मैदानाबाहेरचीच. दुचाकीवर मागे बसलेल्या आणि स्पीडब्रेकरला उडालेल्या काकू, न्हाणीत पाय घसरलेले आजोबा, माळ्यावरून डबा काढताना स्टुलावरून पडलेली नवी सून. सगळ्यांच्या हातात एकच कागद असतो, सीटी स्कॅन नॉर्मल. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असतो : मग डोकं का दुखतंय आणि एवढं गळून का जायला होतंय?

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीची तडकलेली हाडं दिसतात. कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला असा हादरा बसतो तेव्हा, बिघडतं ते पेशींचं कामकाज, आणि त्याचा फोटो निघत नाही. हादरा बसला की मेंदूच्या पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. ही घडी पुन्हा बसवायला पेशींना एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात रक्तपुरवठा कमी झालेला असतो. शेतात मोटर चालू करायची वेळ आणि व्होल्टेज गेलेलं, तसा प्रकार. त्यामुळे पेपरचं एक पान वाचलं तरी दमायला होतं. हे नाटक नाही, हे मी पेशंटपेक्षा त्याच्या घरच्यांना जास्त वेळा सांगते.

अशा माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. घरचे म्हणतात, गप पडून राहा, महिनाभर हलू नकोस. तालमीतले म्हणतात, काय होत न्हाई मर्दा, ऊठ. दोन्ही सल्ल्यांनी माणूस लांबणीवर पडतो. मी शिकवते ते या दोन्हींच्या मधलं. त्रास वाढायला जिथून सुरुवात होते ती रेघ शोधायची, तिच्या जरा अलीकडे रोज हालचाल करायची, आणि ती रेघ दर आठवड्याला कुठे सरकली ते बघायचं. पुढे जे काही सांगते ते या एका गोष्टीचंच आहे.

आधी धोक्याची लक्षणं, कारण ती असतील तर हा लेख बंद करून १०८ला फोन करायचा. डोकेदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चालली आहे, पुन्हा पुन्हा उलटी होते आहे, फिट आली, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसते आहे, बोलताना जीभ जड झाली, हातापायातली ताकद गेली, माणूस नीट जागाच होत नाही किंवा भलतंच बोलतो, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही येतंय. मानेच्या हाडावर दाबून दुखत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर त्याला हलवण्याआधी मदत बोलवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि वय झालेल्यांनी यातलं काही नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. कांदा हुंगवत बसायचं नाही.

पहिले दोन दिवस

पहिले २४ ते ४८ तास विश्रांती. पण विश्रांती म्हणजे पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत कोंडणं नव्हे. घरातल्या घरात फिरा, अंगणात बसा, जेवा, अंघोळ करा. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या. ‘झोपू देऊ नका, कोमात जाईल’ या भीतीने रात्रभर दर तासाला गदागदा हलवून उठवलेली पोरं मी बघितली आहेत, सकाळी त्यांची अवस्था मारापेक्षा जागरणाने वाईट असते. पहिल्या रात्री सोबत कुणीतरी झोपावं आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तितक्या वेळा हाक मारून बघावी, एवढं पुरे.

मोबाइल मात्र खरोखर बाजूला ठेवायचा. आईबापांना मोबाइलवर राग काढायला निमित्त लागतं हे मला माहीत आहे, पण याला आधार आहे. अमेरिकेत १२ ते २५ वयाच्या पेशंटांवर झालेला एक अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले ४८ तास स्क्रीनपासून लांब राहिलेल्यांची लक्षणं साधारण साडेतीन दिवसांत गेली, बाकीच्यांना आठ दिवस लागले. बंदी दोनच दिवसांची आहे. त्यानंतर थोडा थोडा मोबाइल चालतो, नाहीतर पोरगं चिडून आणखी डोकं दुखवून घेतं.

आणि बघायला येणारे. आपल्याकडे माणूस पडला की गल्ली लोटते. प्रत्येकाला पडल्याची गोष्ट पहिल्यापासून ऐकायची असते, टीव्ही चालू असतो, चहाच्या कपांचा आवाज, मध्येच कुणीतरी ‘आमच्या भाच्याचं असंच झालं होतं’ म्हणून घाबरवून जातं. दारातच थांबवा. पेशंट झोपलाय, एवढं खोटं बोललेलं चालतं.

व्यायाम कसा सुरू करायचा

दोन दिवस झाले, धोक्याचं काही नाही, की चालायला लागायचं. थोडं डोकं दुखत असलं तरी. इथे लोकांचा विश्वास बसत नाही. पूर्वी लक्षणं पूर्ण जाईपर्यंत विश्रांती सांगत असत, त्यामुळे जुन्या माणसांच्या डोक्यात तेच बसलंय. खेळातल्या कन्कशनवर २०२२मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरच्या तज्ज्ञांची परिषद झाली. तिचं निवेदन २०२३मध्ये आलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की लक्षणं पूर्ण जाईपर्यंतच्या कडक विश्रांतीचा फायदा नाही, हलका एरोबिक व्यायाम, म्हणजे चालण्यासारखा नाडी वाढवणारा व्यायाम, लवकर सुरू करावा. त्याच्याआधी २०१९मध्ये बफेलो विद्यापीठाच्या जॉन लेडी आणि सहकाऱ्यांनी १३ ते १८ वयाच्या खेळाडूंचे दोन गट केले होते. एक गट रोज बेताचा एरोबिक व्यायाम करणारा, दुसरा नुसतं स्ट्रेचिंग करणारा. पहिला गट १३ दिवसांत बरा झाला, दुसरा १७.

आता तुमची रेघ शोधू. कृती सोपी आहे, पण हृदयाचा आजार असलेल्यांनी, छातीत दुखण्याचा त्रास असलेल्यांनी आणि बीपीच्या किंवा नाडी मंदावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही घरी करायची नाही, डॉक्टरांसमोर करायची.

सोबत एक माणूस घ्या. सपाट जागा हवी. आमच्याकडे मी लोकांना सकाळी सव्वासहाला रंकाळ्यावर बोलवते. तेव्हा वारा असतो आणि हॉर्न नसतात. संध्याकाळचा रंकाळा यासाठी बाद, गाड्यांचे दिवे, भेळेच्या गाड्यांची गर्दी आणि मध्येच धावणारी पोरं यांनी निम्मी शक्ती चालण्याआधीच संपते. सुरू करण्याआधी स्वतःला विचारा, शून्य म्हणजे काहीच त्रास नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर आता डोकं कितीवर आहे? समजा तीन. चालायला लागा, आधी रमतगमत, मग दर दोन मिनिटांनी जरा वेग वाढवत. प्रत्येक वेळी तोच प्रश्न. चारवर गेलं, पाचवर गेलं, चालेल. दोन आकड्यांपर्यंतची वाढ, आणि तीही तासाभरात उतरणारी, धोक्याची नसते. सहावर गेलं की थांबा आणि लगेच नाडी मोजा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणा. घड्याळ मोजत असेल तर उत्तम.

थांबलात तेव्हा नाडी १४० होती असं धरू. त्याच्या ८० ते ९० टक्के म्हणजे ११२ ते १२६. हा तुमचा पट्टा. रोज वीस मिनिटं या पट्ट्यात चाला. पहिल्याच दिवशी वीस जमणार नाहीत, मग दहा-दहा दोनदा. आठवड्याने पुन्हा चाचणी घ्या. रेघ १४०वरून १५०वर गेलेली दिसली की पट्टाही वर न्या. वीस मिनिटं भराभर चालूनही त्रास वाढलाच नाही, तर रेघ मागे पडली असं समजा आणि पुढच्या पायरीचा विचार करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर डोकं कालच्यापेक्षा जड असेल तर काल जास्त झालं. म्हणून व्यायाम बंद करायचा नाही, एक पाऊल मागे यायचं. हा फरक मला रोज कुणाला ना कुणाला समजावावा लागतो. बंद केला की चार दिवस जातात, मग भीती बसते, मग चढ चढताना धाप लागते आणि वाटतं की हे डोक्यामुळेच.

कोणता व्यायाम? चालणं आणि जिममधली स्थिर सायकल, दोन्हींत डोक्याला हिसका बसत नाही. रस्त्यावरची सायकल नको, पडलात तर दुसरा मार पहिल्यापेक्षा महागात पडतो. दोरीवरच्या उड्या, धावणं नंतर. पन्हाळ्याचा चढ त्याच्याही नंतर.

तालमीतल्या पोरांसाठी वेगळं सांगते. जोर मारताना डोकं खाली जातं, छाती घासून वर येतं आणि दम कोंडला जातो, या तिन्हींनी डोकं ठणकतं. बैठका त्या मानाने बऱ्या, पण तुम्ही त्या शंभराच्या हिशेबात आणि घाईत मारता. पहिल्या टप्प्यात दहा, भिंतीला हात लावून, श्वास सोडत वर. मानेवर तोलून केलेला ब्रिज मी परवानगी देईपर्यंत अजिबात नाही. वजन उचलताना दम धरायचा नाही, म्हणजेच ज्याला दम धरावा लागतो असं वजन सध्या उचलायचं नाही. योग करणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन आणि जोरकस कपालभाती बाजूला ठेवावी. सूर्यनमस्कारात खाली वाकल्यावर गरगरत असेल तर तेही थांबवा. संथ अनुलोम-विलोम चालतो, झोपेआधी तर चांगलाच.

डोकेदुखी

सगळी डोकी एकाच कारणाने दुखत नाहीत, आणि कारण ओळखलं तर अर्धं काम होतं.

मानेतून येणारी डोकेदुखी मला सगळ्यात जास्त सापडते, कारण डोक्याला बसलेला हिसका मानेलाही बसतोच. कवटी जिथे संपते तिथे, मागच्या बाजूला, दोन बोटं ठेवून हळू दाबा. तुमची नेहमीची डोकेदुखी तिथून उठून डोळ्यामागे जात असेल, आणि हनुवटी एका खांद्याकडे जेवढी वळते तेवढी दुसऱ्याकडे वळत नसेल, तर मानेवर काम करायला हवं. उताणं झोपा, पातळ उशी. हनुवटी गळ्याकडे ओढा, मान वर न उचलता, दुहेरी हनुवटी दिसेल इतपत. पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुखणारं नको, ताण जाणवेल इतकंच. गरम पाण्याची पिशवी खांद्यावर, दहा मिनिटं. आणि सलूनमध्ये जाऊन मान कडकडून मोडून घेणं बंद, कायमचं बंद. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. तेल लावून हलक्या हाताने चोळलं तर माझी हरकत नाही, पण आपल्याकडे चंपी हलक्या हाताने होत नाही.

दुसरी डोकेदुखी मायग्रेनसारखी. ठणकते, मळमळतं, उजेड आणि आवाज नको होतो. आधीपासून मायग्रेन असलेल्यांना ही जास्त छळते. यावर डॉक्टर प्रतिबंधक औषधं देतात, अंगावर काढू नका. काळा चष्मा उन्हात घाला, घरात दिवसभर घालू नका, डोळ्यांना अंधाराची सवय लागते आणि मग साधी ट्यूबलाइट टोचते.

तिसरी डोळ्यांची. वाचताना ओळी एकमेकींवर चढतात, पाचदहा मिनिटांत कपाळ भरून येतं. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळत नाहीत म्हणून हे होतं. नेत्रतज्ज्ञांना सांगताना ‘नंबर तपासा’ एवढंच म्हणू नका, डोक्याला मार लागल्यापासून वाचता येत नाही असं सांगा.

कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, हे मात्र कानातल्या कणांचं असतं. ते आपल्या जागेवरून घसरतात. हे चालण्याने जात नाही, पण एप्ली नावाची एक कृती आहे, जाणकाराने केली तर पुष्कळदा एकदोन बैठकांत सुटका होते. व्हिडिओ बघून घरी करू नका, निदान मान दुखत असताना तरी नको.

गोळ्यांबद्दल. रक्तस्राव नाही हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पॅरासिटामॉल. त्यानंतरचा धोका वेगळाच आहे. मेडिकलमधून आणलेली साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन वगैरे मिसळलेली संयुक्त गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या तारखेला फुली मारा. महिनाअखेरीला फुल्या मोजल्यावर माणसं गप्प होतात.

उपवास सध्या नको. श्रावणातले सोमवार, चतुर्थी, नवरात्र, देव समजून घेतो. रिकाम्या पोटी आणि कमी पाण्यावर ही डोकेदुखी हमखास उसळते. दारू पूर्ण बंद.

थकवा

थकव्याचं गणित घरच्यांना सगळ्यात कमी कळतं, कारण बाहेरून काही दिसत नाही. त्या स्पीडब्रेकरवाल्या काकू तिसऱ्या आठवड्यात आल्या तेव्हा रडकुंडीला आल्या होत्या. एक दिवस बरं वाटलं म्हणून त्यांनी पडदे धुतले, डबे घासले, वर पाहुण्यांना पुरणपोळी केली, आणि पुढचे तीन दिवस उठल्याच नाहीत. मग पुन्हा बरं वाटलं, पुन्हा राहिलेलं सगळं उपसलं. या चढउतारातून बाहेर पडायचं म्हणजे बऱ्या दिवशी कमी करायचं आणि वाईट दिवशीही थोडं करायचं.

त्यांच्या स्वयंपाकघरातच आम्ही उपाय शोधले. भाजी खुर्चीत बसून चिरायची. मिक्सर दुसऱ्या कुणीतरी लावायचा, आणि तेव्हा त्यांनी दुसऱ्या खोलीत जायचं. कुकर, मिक्सर आणि एक्झॉस्ट फॅन एकाच वेळी चालू नाहीत. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं थांबणं, घड्याळ लावून. दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. थांबणं म्हणजे डोळे मिटून बसणं, मोबाइल उघडून बसणं नव्हे. पोळ्या सकाळी, भांडी संध्याकाळी, दोन्ही लागोपाठ नाहीत. काकूंना हे पटायला वेळ लागला नाही, सासूबाईंना लागला.

आवाज आणि गर्दी यांचाही हिशेब श्रमातच धरा. माझा एक गोलकीपर ‘मी खेळत न्हाई मॅडम, नुसता बघायला जातोय’ म्हणून शाहू स्टेडियमवर गेला. हलग्या, शिट्ट्या, गोल झाल्यावरचा गदारोळ. हाफटाइमला भावाने गाडीवर घालून घरी आणला. मंडई, लग्नाचा हॉल, गणपतीची मिरवणूक, तिन्ही शेवटी.

रात्रीची झोप ठरल्या वेळी. दुपारी झोपायचं तर तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत. चहा दुपारनंतर नको. ऑफिसला अर्ध्या दिवसाने सुरुवात करा, शाळा-कॉलेजात मधल्या सुट्टीनंतर घरी येण्याची मुभा मागा. मान वळवून मागचं बघताना गरगरत असेल तोवर दुचाकी चालवायची नाही. आणि बायकांनी एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. थकव्याचं खापर डोक्यावर फोडलं जातं आणि हिमोग्लोबिन आठ निघतं, असंही होतं.

मैदानावर परत

खेळाडूंनी शाळा किंवा काम पूर्ण जमायला लागल्यावरच मैदानाचा विचार करावा. क्रम असा : रोजचे व्यवहार, मग हलका एरोबिक व्यायाम (कमाल नाडीच्या ५५ टक्क्यांपर्यंत), मग मध्यम (७० टक्क्यांपर्यंत), मग एकट्याने चेंडूचा सराव, हेड न मारता. इथपर्यंत किंचित त्रास चालतो. यापुढे संघाबरोबर पण धक्काबुक्की नसलेला सराव, मग पूर्ण सराव, मग सामना. या पुढच्या तीन पायऱ्या दमल्यावरही त्रास शून्य असेल आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली असेल तरच. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. २२०मधून वय वजा केलं की कमाल नाडी अंदाजे कळते.

‘मोठे खेळाडू तसंच खेळतात’ असं म्हणणाऱ्याला मी स्टीव्ह स्मिथचं सांगते. ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. आर्चरचा चेंडू मानेवर बसला, तपासणी झाली, तो परत येऊन खेळलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणं दिसली आणि त्याला बसवलं, पुढची कसोटीही तो खेळला नाही. त्याच्या जागी आलेला लाबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. आपल्या वानखेडेवर जानेवारी २०२०मध्ये कमिन्सचा चेंडू हेल्मेटवर आदळल्यावर ऋषभ पंत यष्टिरक्षणाला आला नाही, के. एल. राहुलने ग्लोव्हज घातले. पेठेतल्या फायनलपेक्षा ते सामने काही लहान नव्हते.

बहुतेक मोठी माणसं दोन ते चार आठवड्यांत पूर्वपदावर येतात, मुलांना महिना लागू शकतो. चार आठवडे उलटूनही रेघ सरकत नसेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जा, आणि चक्कर असेल तर चक्करीवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडेही. जाताना रोजचे आकडे लिहिलेली वही आणि गोळ्यांच्या फुल्यांचं कॅलेंडर न्या. घरातलं एक माणूसही सोबत असू द्या. चिडचिड किती वाढली, रात्री किती वेळा उठतो आणि साध्या गोष्टीवरून रडायला येतं का, हे पेशंट स्वतःहून सांगत नाही.